घडीच्या चिनी पंख्यावर शाई तुटते, फुटते, साचते: बिघाड ओळखायचा कसा आणि सुधारायचा कसा

पंख्यावर शाईनं फुलं काढणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची तक्रार सारखीच असते. सुट्या कागदावर ऑर्किडचं पान एका दमात उतरतं, शेवंतीच्या पाकळ्या मनासारख्या जमतात. तेच चित्र घडीच्या पंख्यावर घेतलं की रेघ मधेच तुटते, दोन बोटं पुढं जाऊन फुटते, तिला केसाळ कडा येतात, आणि आणखी पुढं शाईचा काळा थेंब साचून बसतो. पंखा बदलला तरी तेच. मग माणूस हाताला दोष देतो, पुन्हा वहीभर पानं गिरवतो आणि पुन्हा पंख्यापाशी येऊन अडतो.

यात हाताचा दोष थोडा असतो, कागदाचा आणि पाण्याचा फार. शिवाय तुटणं, फुटणं आणि साचणं हे तीन वेगळे बिघाड आहेत. ते एकाच रेघेत शेजारी शेजारी दिसतात म्हणून एकच वाटतात. एकावरचा उपाय दुसऱ्याला वाढवतो. रेघ तुटते म्हणून ब्रशात पाणी वाढवलं की साचणं वाढतं. साचतं म्हणून ब्रश कोरडा केला की तुटणं वाढतं. म्हणून आधी ओळख, मग उपाय.

पंख्याचा कागद शाई पीत का नाही

चिनी शाईचित्र शिकणारे बहुतेक जण कच्च्या शुआन कागदावर हात बसवतात. हा कागद आनहुइ प्रांतातल्या जिंग परगण्याचा. छिंगथान नावाच्या झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांच्या लगद्यापासून तो बनतो. 2009 साली युनेस्कोनं ही कागद बनवण्याची कला अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. कच्चा शुआन शाई टेकताक्षणी पिऊन टाकतो. त्यामुळे ब्रश गच्च भरलेला असला तरी चालतं, जादा पाणी कागदात जिरतं आणि पाकळीला ती मऊ, धुकट कड मिळते.

पंख्याचं पान असं नसतं. ते बहुधा शुआनचेच अनेक थर खळीनं एकावर एक चिकटवून केलेलं असतं, कारण एकेरी कागद रोजच्या उघडझापीत टिकणार नाही. वर त्याला सरस आणि तुरटीच्या पाण्याचा हात दिलेला असतो. सरस धाग्यांमधल्या फटी भरतो, तुरटी त्या सरसाला घट्ट धरते, आणि कागद पाणी पिणं जवळजवळ थांबवतो. अशा कागदाला पक्का शुआन म्हणू. त्याच्यावर शाई आत न जाता वर बसते आणि वरच वाळते. ब्रशातून जेवढं पाणी सोडाल तेवढं सगळं डोळ्यांसमोर उभं राहतं आणि उतार मिळेल तिकडं वाहतं. घडीच्या पंख्यावर उतारांना काय तोटा! प्रत्येक घडी म्हणजे एक डोंगर नाही तर एक दरी.

घडीचा पंखा चीनमध्ये सोंग राजवटीच्या काळात जपान आणि कोरियाकडून आला, आणि मिंग राजवटीच्या काळात तो सुशिक्षित माणसाच्या बाहीत असायचाच. सूचौ शहरातल्या शन चौ (1427–1509) आणि वन चंगमिंग (1470–1559) यांच्यासारख्या चित्रकारांनी पंख्याचं पान हे चित्राचं मानाचं माध्यम केलं. त्यांच्या काळातले पंखे आज संग्रहालयांत काड्या काढून सपाट चिकटवलेले दिसतात, पण घड्यांच्या उभ्या खुणा तशाच असतात. अशी पानं बघायची संधी मिळाली, निदान मोठे फोटो मिळाले, तर फुलं नंतर बघा. आधी घडीच्या रेषेवर शाई कशी वागली आहे ते बघा. निदानाचं सगळं शिक्षण तिथं आहे.

घडी वाचा

बिघडलेला पंखा उजेडात तिरका धरा, शक्य असेल तर भिंग घ्या, आणि रेघ घडी ओलांडते ती जागा नीट बघा. तिथं चारांपैकी एक काहीतरी दिसेल.

घडीच्या माथ्यापलीकडं एक फिकट, कोरडी फट असेल आणि तिच्या दोन्ही बाजूंना रेघ स्वच्छ असेल, तर ब्रशनं उडी मारली आहे. कागद ठीक आहे.

घडीच्या बरोबर रेषेवर शाई गडद झाली असेल आणि तिला वर-खाली बारीक केस फुटले असतील, तर तिथला सरस-तुरटीचा थर मोडला आहे. कागद तेवढ्याच एका ओळीत शाई पितो आहे.

दरीत शाईचं काळं पण गुळगुळीत कडेचं तळं असेल, केस नसतील, तर कागदाचा दोष नाही. पाणी जास्त झालं.

आणि घडीचा काही संबंधच नसेल, दोन घड्यांमधल्या सपाट पट्टीवरसुद्धा शाई आकसून थेंबाथेंबांत गोळा होत असेल, तर पृष्ठभाग तेलकट आहे, किंवा तुरटी फार झाली आहे, किंवा पंखा सोनेरी कागदाचा आहे.

तयार पंखा हातात आला की चित्राला हात लावण्याआधी मागच्या बाजूला, खालच्या कमानीजवळ, साध्या पाण्याचा एक छोटा थेंब सोडा आणि मनात सावकाश वीस आकडे मोजा. थेंब तसाच उभा राहिला तर कागद पक्का. हळूहळू पसरून ओल धरली तर अर्धा कच्चा. लगेच जिरला तर त्या पंख्यावर सरस-तुरटी नावालाच आहे. ऑनलाइन मिळणारे स्वस्त कोरे पंखे बरेचदा या तिसऱ्या जातीचे असतात. दुसरा थेंब मुद्दाम घडीवर सोडा. सपाट पट्टीवर थेंब उभा आणि घडीवर मात्र जिरतो, असं दिसलं तर पुढं काय होणार ते आधीच कळलं.

फिकट फट: ब्रश का उडतो

तयार पंख्यात एक सोडून एका पट्टीखाली काडी असते. म्हणजे ब्रशला घडीचे चढउतार तर असतातच, शिवाय दर दुसऱ्या पट्टीत खालून एक उंचवटा लागतो. त्यात आणखी एक अडचण अशी की सगळ्या काड्या मुठीपाशी एकत्र येतात, तिथं त्यांची जाडी भरपूर असते. पंखा टेबलावर ठेवला की पानाचा खालचा भाग हवेत तरंगतो, ब्रश टेकला की दबतो आणि सुटला की वर येतो. रेघ तुटायला तेवढं पुरे.

उपाय सोपा आहे, पण लोक तो करत नाहीत. पंखा पूर्ण उघडा, अगदी ताणून. दोन्ही टोकांच्या मोठ्या काड्या लाकडी फळीला चिमट्यांनी पक्क्या करा. मग पानाखाली जाड फेल्टचा किंवा जुन्या सुती चादरीच्या घड्यांचा थर सरकवा, इतका की पान आणि मूठ एका पातळीत येतील. मऊ आधार काड्यांचे उंचवटे पोटात घेतो. आदल्या रात्री उघडा पंखा दोन सुती कापडांमध्ये ठेवून वर प्लायवूडची फळी आणि जाड पुस्तकं ठेवली, तर घड्या बऱ्याच नरम पडतात. इस्त्री मात्र फिरवू नका. थर खळीनं चिकटलेले असतात आणि वरचा सरस उष्णतेनं मऊ होतो. पान पोफडलं की दुरुस्ती नाही.

जमत असेल तर काड्यांविना नुसतं घडी घातलेलं पान विकत घ्या. चीनमध्ये अशी पानं सुटी मिळतात, आणि चित्र झाल्यावर काड्या पानाच्या दोन थरांमधल्या खाचांत सरकवतात, टोकाच्या दोन काड्या चिकटवतात. पहिल्यांदा करताना खाच फाटायची भीती वाटते. काडीचं टोक पॉलिश पेपरनं गुळगुळीत आणि पातळ केलं, तर ती अडत नाही.

राहिला हात. घडीचा माथा ओलांडताना बहुतेकांचा वेग वाढतो, कारण तिथं भीती वाटते. उलटं करा: माथ्याच्या थोडं आधी वेग कमी करा, ब्रश उभा ठेवा, टोक रेघेच्या मधोमध राहू द्या, आणि चढ चढताना मनगट उचलू नका, कोपर उचला. मनगट उचललं की टोकाचा दाब लगेच जातो. फट उरलीच तर ती लगेच बुजवायला जाऊ नका. ऑर्किडच्या पानात एखादी कोरडी फट वाऱ्यासारखी शोभते. बुजवलेली फट मात्र कायम ठिगळासारखी दिसते.

केसाळ गडद रेषा: तुरटीचा थर मोडलेला

हा खरा चिवट बिघाड, आणि पुन्हा पुन्हा येणारा. पंखा जुना असेल, बरेच दिवस दमट कपाटात पडला असेल किंवा दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्यांनी सारखा उघडमीट केला असेल, तर घडीच्या रेषेवर सरस-तुरटीचा थर तडकतो. बाकी पान पक्कं राहतं आणि घड्या कच्च्या होतात. अशा पानावर कितीही सराईत हात असला तरी रेघ प्रत्येक घडीपाशी फुटणार. तिथं ब्रशाचं तंत्र शिकवून उपयोग नाही, थर पुन्हा द्यायला हवा.

त्यासाठी लागणाऱ्या वस्तू घराजवळच मिळतात. सुताराकडचा सरस काळपट असतो आणि त्याला वास येतो, तो नको. बेकरीच्या सामानाच्या दुकानात बिनवासाचं, बिनसाखरेचं स्वच्छ जिलेटिन मिळतं, ते सरसच आहे. तुरटीचा खडा किराण्याच्या दुकानात मिळतो. 200 मिली पाण्याला 2 ग्रॅम जिलेटिन आणि अर्धा ते पाऊण ग्रॅम कुटलेली तुरटी एवढं पातळ पुरतं. जिलेटिन आधी थोड्या थंड पाण्यात फुगू द्या, मग भांडं गरम पाण्यात ठेवून विरघळवा, उकळू नका. तुरटी वेगळ्या वाटीत थंड पाण्यात विरघळवा. सरस कोमट झाला की मगच दोन्ही एकत्र करा आणि कापडातून गाळा.

तुरटी गरम सरसात टाकायची नाही, हा नियम माझा नाही. नानजिंगमध्ये 1679 साली छापून निघालेल्या 'मोहरीदाणा बाग' या चित्रकलेच्या पोथीत तो स्पष्ट दिला आहे. रेशमाला द्यायच्या पाण्याचं प्रमाणही तिथं ऋतूप्रमाणे आहे: उन्हाळ्यात सात भाग सरसाला तीन भाग तुरटी, हिवाळ्यात दहा भाग सरसाला तीन भाग तुरटी. सरस जास्त झाला तर चित्र तडकतं, तुरटी जास्त झाली तर पांढरट थर येतो आणि ब्रश अडकतो, हेही पोथी बजावते. ती आणखी एक गोष्ट सांगते आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते: एकदम जाड हात न देता तीन वेळा द्या, आणि शेवटचा हात अगदी पातळ ठेवा. हे सगळं रेशमासाठी लिहिलेलं असलं तरी कागदाच्या घडीलाही तंतोतंत लागू पडतं.

पंख्यावर देताना मऊ, रुंद ब्रश घ्या, तो जवळजवळ पिळून काढा आणि उघड्या पंख्यावर घडीच्या दिशेनं, म्हणजे वरून खाली, एकदाच फिरवा. पान भिजता कामा नये. भिजलं तर आतली खळ सुटते, थर वेगळे होतात आणि काडीच्या खाचा चिकटून बसतात. पहिला हात पूर्ण वाळल्यावरच दुसरा. तोवर पंखा उघडाच ठेवायचा, सावलीत, विजेच्या पंख्याचा वारा थेट न लागू देता. वाळल्यावर पुन्हा पाण्याच्या थेंबाची परीक्षा. घडीवर थेंब थोडा तरी उभा राहिला की थांबा, आणखी हात नको. तुरटी आम्लधर्मी असते, जादा झाली की वर्षानुवर्षांत कागद पिवळा आणि ठिसूळ होतो, आणि पंख्याचं पान आधी घडीवरच फाटतं.

सरस-तुरटीऐवजी पातळ, गाळलेल्या सोयाबीनच्या दुधाचा हात देण्याची पद्धतही चिनी चित्रकारांत आहे. त्यानं कागद अर्धा कच्चा, अर्धा पक्का होतो आणि शाईच्या कडा छान मऊ येतात. कोरड्या हवेत ती जरूर करून बघा. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात राहत असाल तर पावसाळ्यात नको, दुधातल्या प्रथिनांवर बुरशी धरते.

काळं तळं: पाणी ब्रशच्या बुडाशी लपलेलं असतं

शाई साचते तेव्हा लोक टोक टिपतात. टोकावर पाणी नसतंच. ते ब्रशच्या बुडाशी, केस दांड्याला जिथं मिळतात तिथं साठलेलं असतं आणि ब्रश घडीवर दबला की एकदम खाली उतरतं. म्हणून शाई भरून झाल्यावर ब्रश आडवा धरून त्याचं बूड क्षणभर सुती फडक्याला टेकवा. टोक तसंच राहू द्या. टोकावरची गडद छटा टिकते आणि पोटातलं जादा पाणी जातं. ही एक सवय लागली की साचण्याची निम्मी तक्रार संपते.

ब्रशाची निवडही इथं महत्त्वाची. शेळीच्या केसांचा मऊ ब्रश भरपूर पाणी धरतो आणि ते हळूहळू सोडत राहतो. कच्च्या कागदावर तो वरदान, पंख्यावर जड जातो. ज्याला लांडग्याच्या केसांचा ब्रश म्हणून विकतात तो खरं तर वीझल नावाच्या मुंगसासारख्या प्राण्याच्या शेपटीच्या केसांचा असतो. तो ताठ, चपळ, कमी पाणी धरणारा. ऑर्किडची पानं आणि शेवंतीच्या पाकळ्या यानंच काढा. मोठ्या पाकळ्यांसाठी मिश्र केसांचा चालतो.

छटांचं बोलायचं तर पक्क्या कागदावर थरावर थर चढवायचा मोह टाळा. खालची फिकट शाई पूर्ण वाळली नसेल तर वरचा ओला ब्रश तिला उचलतो आणि मातकट डाग पडतो. तीनही छटा एकाच ब्रशात भरा: आधी पूर्ण ब्रश स्वच्छ पाण्यात, मग फिकट शाईत अर्धा, मग फक्त टोक गडद शाईत. बूड टिपा आणि पाकळी एका दाबात उतरवा. ती जशी उतरली तशी सोडा.

तरीही तळं झालंच तर पाच-दहा सेकंद हातात असतात. स्वच्छ, पिळलेल्या ब्रशाचं टोक तळ्याच्या मधोमध टेकवा, पाणी वर चढतं. टिश्यू पेपर दाबू नका, तो शाईसकट छटा घेऊन जातो आणि पट्टीवर चौकोनी डाग ठेवतो.

इथं मला क्वांगतुंग प्रांतातल्या च्यू चाओ (1811–1865) आणि च्यू ल्यान (1828–1904) या दोन चुलतभावांची आठवण काढल्याशिवाय पुढं जाववत नाही. पंख्यावर फुलं आणि किडे काढण्यात त्यांचा हात धरणारे फार थोडे. ज्या साचण्याला आपण वैतागतो त्याचंच त्यांनी तंत्र केलं. पक्क्या पृष्ठभागावर पान किंवा पाकळी ओली असतानाच तिच्यात पाण्याचा थेंब सोडायचा. पाणी रंगाला कडेकडे ढकलतं, मध्य फिकट राहतो, कड बारीक गडद रेघेसारखी वाळते. पानावर ऊन पडल्यासारखं दिसतं. कच्च्या कागदावर हे होऊच शकत नाही. साचणं आवरता आलं की मग ते मुद्दाम घडवून बघा. फक्त थेंब पट्टीच्या सपाट भागात सोडा, दरीत नाही.

शाई थेंबाथेंबांत गोळा होते

सर्वांत आधी हात धुवा. बोटांचं तेल, कपाळाचा घाम, पंखा निवडताना पडलेले ठसे, एवढ्यानंसुद्धा शाई पळते. काम करताना तळहाताखाली कोरा कागद ठेवायची सवय लावा. ठसे पडलेच असतील तर स्वच्छ मऊ कापडानं हलकेच पुसा, घासू नका.

सोनेरी पंख्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यात सोन्याचे कण शिंपडलेले, सोन्याचा वर्ख चढवलेले आणि सोन्याची पूड लेपलेले असे प्रकार असतात. कण शिंपडलेला पंखा फारसा त्रास देत नाही, कणावर शाई जराशी अडते आणि ते छानच दिसतं. वर्ख किंवा पूड असलेल्या पानावर मात्र शाई अक्षरशः घसरते. 'मोहरीदाणा बाग' पोथीत यावरही उपाय आहे: मखमलीच्या तुकड्यानं पान पुसा, शाई बसेल. पावडर चोळूनही तेल जातं, पण मागं पांढरी धूळ उरते, म्हणून मखमल बरी, असं तिथं म्हटलं आहे. आजही हाच क्रम ठेवा. आधी मखमल, तिनं भागलं नाही तर वाटीभर पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचा एकच थेंब टाकून त्या पाण्यानं शाई पातळ करा. जास्त साबण गेला तर रेघ पसरते आणि वाळल्यावर कडेला फेसाच्या खुणा राहतात. बाजारातले बरेच सोनेरी पंखे पितळी वर्खाचे असतात. ते काळाबरोबर काळपट-हिरवट पडतात, चित्र कितीही चांगलं असो. महत्त्वाचं काम त्यांच्यावर करू नका.

तुरटीच जास्त झाली असेल तर ती काढून टाकता येत नाही. शाई किंचित दाट ठेवा, फिकट मोठ्या छटा टाळा आणि रेघांच्या फुलांकडं वळा.

शाई वाळत नाही, मिटल्यावर ठसा उमटतो

ही तक्रार जून ते सप्टेंबरात वाढते. सूचौ-हांगचौकडच्या चित्रकारांनाही ती ठाऊक आहे, कारण यांगत्से नदीच्या खालच्या खोऱ्यात जून-जुलैत महिनाभर झिमझिम पावसाचा दमट हंगाम असतो. पक्क्या कागदावरची शाई आत जिरत नाही, ती हवेतच वाळावी लागते. वर वर कोरडी वाटली तरी जाड ठिपके आतून ओलसर असतात आणि घडी मिटली की समोरच्या पट्टीवर आरशासारखा ठसा उमटतो.

कारण बरेचदा शाईतच असतं. चिनी शाई म्हणजे काजळी आणि सरस. बाटलीतल्या शाईत सरस जास्त असतो, म्हणून ती चकचकीत दिसते आणि दमट हवेत चिकट राहते. पंख्यासाठी शाईची कांडी ताजी उगाळलेली बरी. सहाणेवर थोडं पाणी, हलका हात, सावकाश. तुंग नावाच्या झाडाच्या बियांच्या तेलाच्या काजळीची कांडी उबदार छटेची काळी, किंचित चमक असलेली शाई देते, आणि पंख्यावरच्या फुलांना तीच शोभते. पाइनच्या काजळीची शाई निस्तेज, निळसर काळी येते. उरलेली शाई दुसऱ्या दिवशी वापरू नका. दमट हवेत सरस लवकर नासतो आणि काजळीला नीट बांधत नाही. आपल्याकडं ड्रॉइंगसाठी मिळणारी लाखेची वॉटरप्रूफ शाई पंख्याला अजिबात नको. ती कडक वाळते, घडीवर तडकते आणि ब्रशाची वाट लावते.

चित्र झालं की पंखा निदान दोन दिवस उघडा ठेवा, पावसाळ्यात आठवडाभर. पहिल्यांदा मिटताना पट्ट्यांमध्ये बटर पेपरच्या अरुंद पट्ट्या घाला. कपाटात ठेवायचा असेल तर सुती पिशवीत, सोबत सिलिका जेलची पुडी. कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या ठेवत असाल, तर त्या कागदाला टेकू देऊ नका.

कुठलं फूल कुठल्या पंख्यावर

हा प्रश्न निवारणाच्या बाहेरचा वाटेल, पण निम्मे बिघाड चुकीचं फूल निवडल्यानं होतात. शेवंती घडीच्या पंख्यावर सर्वांत समजूतदार. तिच्या पाकळ्या आखूड आणि पुष्कळ. एखादी घडीवर तुटली तरी शेजारणी सांभाळून घेतात. मेइचं फूल, जर्दाळूच्या नात्यातलं ते पाच पाकळ्यांचं, हिवाळ्याअखेरीस फुलणारं फूल, चित्रकार वांग म्यानच्या (1287–1359) पद्धतीनं बारीक रेघेत काढलं की पाण्याचा प्रश्नच येत नाही. त्याची फांदी कोरड्या ब्रशानं ओढावी, मग घडीवरच्या फटी खोडाची खडबडीत साल होऊन जातात. ऑर्किडला लांब पानं आहेत, म्हणून फळीवर ताणलेल्या पंख्यावरच घ्या. पहिलं लांब पान खालच्या कमानीपासून तिरकं बाहेर जाऊ द्या, म्हणजे ते घड्यांना काटकोनात न कापता त्यांच्या जवळपास समांतर चढतं आणि कमी घड्या ओलांडतं. फुलाचं केंद्र मात्र नेहमी पट्टीच्या मधोमध, माथ्यावर किंवा दरीत कधीच नाही. पेन्सिलीची गरज नाही, नखानं हलकी खूण करून ठेवा.

कमळाचं मोठं पान, चित्रकार श्यू वेइच्या (1521–1593) थाटातली शाई उधळलेलं पिओनीचं मोठं फूल, ही कच्च्या कागदाची कामं. पक्क्या पंख्यावर त्यांचा हट्ट धरणाऱ्यांना मी दरवेळी परावृत्त करते. तेच फूल हवं असेल तर गोल रेशमी पंखा घ्या. त्याला घड्या नसतात. तिथं एकच काळजी: रेशीम चौकटीवर ताणलेलं असतं आणि विणीतून शाई मागं उतरते. मागं काहीही टेकू देऊ नका, पंखा दोन ठोकळ्यांवर उचलून धरा, आणि पहिली छटा अगदी फिकट देऊन वाळवा. मग पुढचं काम.

आणि चित्र बरंच पुढं गेल्यावर घडीवर नको तिथं डाग पडला, तर पंखा टाकून देण्याआधी तो डाग फांदीजवळ आहे का ते बघा. असेल तर फांदीवर शेवाळाचे गडद ठिपके द्यायची जुनी रीत आहे. डागावर एक, आणि त्याच्या आसपास लहानमोठे तीन-चार. ठिपके सारख्या अंतरावर नकोत. डाग पाकळीच्या पोटात असेल तर तिथं मागून डोकावणारी कळी किंवा पानाचं टोक काढा, शाई मात्र डागापेक्षा एक छटा गडद घ्या, नाहीतर तो पुन्हा वर दिसतो.